उस्मानाबादच्या चार चिठ्ठ्या : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा इतिहास

थ्रेड. आपल्या या मालिकेत बहुधा गड, तह आणि ताम्रपट येतात. आजचा विषय वेगळा आहे. आजचा दस्तऐवज २ एप्रिल २००९ चा आहे आणि तो 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. त्याचे घटनास्थळ मात्र मराठवाड्यातील उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचे धाराशिव. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ गावसमूह, चार गट आणि आठ वर्षे. प्रश्न एकच होता : गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत ओळखण्याच्या तीन पद्धतींपैकी कोणती पद्धत खरोखर जीव वाचवते?

गावाकडे या रोगाला 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात. शब्द नेमका आहे. गर्भाशय ही पिशवी आणि तिचे योनीकडे उघडणारे तोंड म्हणजे गर्भाशयमुख. या ठिकाणचा कर्करोग अतिशय सावकाश वाढतो. पेशींमध्ये पहिला बिघाड होण्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. या काळात स्त्रीला काहीही जाणवत नाही. अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे ही लक्षणे दिसू लागतात तोवर अनेकदा उशीर झालेला असतो. उलट, बिघाड त्या मधल्या काळात सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढता येतो आणि कर्करोग होतच नाही. म्हणून येथे निदानापेक्षा चाळणीला महत्त्व आहे. निरोगी दिसणाऱ्या हजारो स्त्रियांमधून ज्यांना धोका आहे अशा मोजक्या वेगळ्या काढायच्या.

मी ओझरची. आमच्याकडे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, त्यामुळे ही कल्पना मला विमानावरूनच लवकर समजते. धातूच्या भागातील केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विमान उद्योगात भागावर रंगीत द्रव लावतात, पुसतात आणि भेगेत मुरलेला रंग कोठे वर येतो ते पाहतात. भेग असून दिसली नाही तर अनर्थ होतो. भेग नसताना दिसली तर चांगला भाग फुकट जातो. कोणत्याही चाळणीचे हे दोन दोष असतात आणि एक कमी करू पाहिले की दुसरा वाढतो. पुढचा सगळा इतिहास याच ओढाताणीचा आहे.

पहिली चाळणी काचपट्टीची. बुखारेस्टमध्ये ऑरेल बाबेश आणि न्यूयॉर्कमध्ये मूळचे ग्रीक असलेले जॉर्ज पापानिकोलाऊ या दोघांना १९२७-२८ च्या सुमारास स्वतंत्रपणे आढळले की योनिमार्गातील किंवा गर्भाशयमुखावरील पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर कर्करोग ओळखता येतो. पापानिकोलाऊंनी हा शोध जानेवारी १९२८ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे 'वंशसुधार परिषदे'त मांडला. होय, युजेनिक्सवाल्यांच्याच परिषदेत. फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि मग 'पॅप तपासणी' जगभर गेली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९४९ मध्ये तिचा कार्यक्रम सुरू केला. पुढे फिनलंडसारख्या देशांत स्त्रियांना ठरावीक वर्षांनी पत्र पाठवून बोलावले जाऊ लागले आणि या रोगाचे मृत्यू झपाट्याने घटले.

ही चाळणी उत्तम आहे, पण तिला मागे मोठी यंत्रणा लागते : नमुना घेणारी परिचारिका, पट्टी रंगवणारा तंत्रज्ञ, ती वाचणारा प्रशिक्षित डोळा, त्या डोळ्यावर देखरेख करणारा रोगनिदानतज्ज्ञ आणि काही दिवसांनी निकाल घेण्यासाठी परत येऊ शकणारी स्त्री. शिवाय एका फेरीत निसटलेला बिघाड तीन किंवा पाच वर्षांनंतरच्या फेरीत सापडेल, हे गृहीत धरलेले असते. हे गृहीतक लक्षात ठेवा. उस्मानाबादला त्याची कसोटी लागणार आहे.

दुसरी चाळणी व्हिनेगरची. ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्लाचा बोळा गर्भाशयमुखावर लावायचा, मिनिटभर थांबायचे आणि प्रखर उजेडात पाहायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. हिला व्हीआयए म्हणतात. प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तेथेच मिळतो आणि उपचारही त्याच दिवशी करता येतात. भारतासारख्या देशासाठीच घडवलेली वाटावी अशी ही पद्धत, पण तिचे मूळ जर्मनीतले आहे. हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये कॉल्पोस्कोप हे गर्भाशयमुख मोठे करून दाखवणारे उपकरण तयार केले आणि त्यासोबत हे आम्ल वापरात आले. त्याच सुमारास व्हिएन्नाचे वॉल्टर शिलर यांनी आयोडीन वापरून पाहिले. निरोगी पेशी तपकिरी होतात, बिघडलेल्या फिक्या राहतात.

हिन्सेलमान यांच्या चरित्रातील एक पान वैद्यकीय पुस्तके बहुधा उलटत नाहीत. रोमा स्त्रियांची सक्तीने नसबंदी केल्याबद्दल युद्धानंतर त्यांना तुरुंगवास झाला. आउशवित्झ छळछावणीचा डॉक्टर एडुआर्ड विर्थ्स याने कैदी स्त्रियांवर कॉल्पोस्कोपीचे जे प्रयोग केले त्यांच्याशीही हिन्सेलमान यांचे नाव जोडलेले आहे. या शास्त्रात 'हिची संमती कोणी विचारली होती?' हा प्रश्न अगदी सुरुवातीपासून पडून आहे. उस्मानाबादची आणि आउशवित्झची बरोबरी मी करत नाही, ती अन्यायाची ठरेल. पण हा प्रश्न थ्रेडच्या शेवटी परत येणार आहे.

तिसरी चाळणी विषाणूची. १९८३-८४ मध्ये जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे, १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधले. जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख-कर्करोगांमागे हे दोनच प्रकार आहेत. २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू कळल्यावर पेशी बिघडण्याची वाट पाहायचे कारण उरले नाही, कारणच तपासता येऊ लागले. ही तपासणी यंत्र करते, माणसाच्या डोळ्यावर ती अवलंबून नसते. अडचण किमतीची होती.

तीन चाळण्या समोर असताना गरीब, ग्रामीण, डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात कोणती वापरावी? १९९० च्या दशकाअखेरीस या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नव्हते. आता बार्शीला जाऊ.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात, उस्मानाबादच्या अगदी सीमेवर. येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतील गावांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातील ही पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी. मुंबई शहराची अशी नोंदणी डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३-६४ पासून होती, पण शहरात रुग्ण रुग्णालयात येतो आणि नोंद होते. खेड्यात अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांना भेटत, लक्षणे समजावत आणि संशयित रुग्णाला तपासणीला आणत. डॉ. बी. एम. नेने आणि टाटाच्या डॉ. कस्तुरी जयंत ही या कामातील दोन मोठी नावे. या नोंदणीत स्त्रियांमधील पहिल्या क्रमांकाचा कर्करोग होता गर्भाशयमुखाचा.

या कामातून अनपेक्षित काही दिसले. निव्वळ समजावून सांगितल्याने स्त्रिया लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण सुधारले. १९९५ मध्ये यावर निबंध प्रसिद्ध झाला. मला या साऱ्या कहाणीतला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण पुढे जे घडले त्याचा पाया यंत्राने घातला नाही. तो नोंदवहीने आणि पायपिटीने घातला. कोण मेले आणि कशाने मेले हे ज्या भागात लिहिलेच जात नाही, तेथे कोणती तपासणी मृत्यू कमी करते हे सिद्ध कसे करणार?

ऑक्टोबर १९९९ मध्ये प्रयोग सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. संस्थेच्या वतीने डॉ. आर. शंकरनारायणन प्रमुख होते. निधी बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. उस्मानाबादेतील गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. एका गटाला विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला व्हिनेगर. चौथ्या गटाला कोणतीच तपासणी नाही. त्या स्त्रियांना आरोग्यशिक्षण दिले आणि तपासणी कोठे होते हे सांगितले.

बाईमागे एक चिठ्ठी न काढता गावसमूहामागे एक का काढली, असा प्रश्न पडेल. एकाच गल्लीत जावेला पॅप, नणंदेला व्हिनेगर आणि सासूला काहीच नाही, असे करता आले नसते. तपासणी जशी शरीराची तशीच गावाचीही असते. एक बाई आली की तिच्यामागून दुसरी येते, एकीने घाबरून नकार दिला की सगळी वस्ती नकार देते. तरीही बोलावलेल्या स्त्रियांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक आल्या. ज्या भागात जवळपास कोणाचीच अशी तपासणी पूर्वी झाली नव्हती, तेथे परपुरुषाने पाहू नये म्हणून नमुना घेण्याचे आणि व्हिनेगर लावण्याचे काम सहायक परिचारिकांनी, म्हणजे एएनएम ताईंनी केले, ही गोष्ट त्या प्रतिसादापासून वेगळी काढता येणार नाही असे मला वाटते.

पहिले आकडे २००५ मध्ये आले. व्हिनेगर तपासणीत १४ टक्के स्त्रियांत काहीतरी संशयास्पद आढळले, विषाणू तपासणीत १०.३ टक्के, पॅपमध्ये ७ टक्के. नंतरच्या खात्रीच्या तपासणीत गंभीर पूर्वकर्करोग सापडण्याचे प्रमाण मात्र जवळजवळ सारखे निघाले : व्हिनेगर ०.७ टक्का, पॅप १ टक्का, विषाणू ०.९ टक्का. हा अभ्यास येथेच थांबला असता तर इतिहासात 'तिन्ही सारख्या, स्वस्तातली घ्या' असे नोंदले गेले असते. त्या काळी अनेकांना हेच उत्तर हवेही होते.

पण किती बिघाड सापडले एवढे मोजून भागत नाही. सुटलेल्यांचे काय झाले तेही पाहावे लागते आणि त्यासाठी वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. आठ वर्षे नोंदवह्या भरत राहिल्या. २००९ चा निबंध त्या वाट पाहण्यातून आला.

प्रत्येक गटात ३१ ते ३४ हजार स्त्रिया होत्या. तपासणी न झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ मृत्यू. व्हिनेगर गटात ५६. पॅप गटात ५४. विषाणू तपासणीच्या गटात ३४. रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर सापडलेल्या स्त्रिया चौथ्या गटात ८२ होत्या, विषाणू गटात ३९. गटांच्या लोकसंख्येचा हिशेब धरता मृत्यूचा धोका जवळपास निम्मा. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांतील घट इतकी लहान होती की ती योगायोगाचीही असू शकते, असे गणित सांगत होते.

आणि एक ओळ, जी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा परत वाचावी लागली : ज्यांच्यात विषाणू आढळला नव्हता, त्या स्त्रियांपैकी आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने एकही दगावली नाही.

पॅपसारखी नावाजलेली पद्धत येथे का अडखळली? ते गृहीतक आठवा. फिनलंडमध्ये पॅप वारंवार होते. एका वेळी निसटलेले पुढच्या वेळी सापडते. उस्मानाबादेत आयुष्यात एकदाच तपासणी झाली. एकदाच पाहायचे असेल तर नुसता 'आज काही दिसत नाही' हा निकाल पुरेसा नसतो. 'पुढची काही वर्षे भीती नाही' असे सांगू शकणारी चाळणी लागते. पॅप आणि व्हिनेगर पहिल्या प्रकारचे उत्तर देतात, विषाणू तपासणी दुसऱ्या प्रकारचे. व्हिनेगरला आणखी एक मर्यादा आहे. पन्नाशीनंतर बिघाड होणारा भाग गर्भाशयमुखाच्या आत सरकतो आणि बाहेरून दिसेनासा होतो.

तरी व्हिनेगरला निकालात काढण्याची घाई नको. तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात जवळपास याच संशोधकांनी व्हिनेगर तपासणीचा स्वतंत्र प्रयोग केला होता. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा निष्कर्ष आला : मृत्यूंमध्ये ३५ टक्के घट. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८ पासून दहावी शिकलेल्या स्त्रियांना महिनाभर प्रशिक्षण देऊन हेच काम करवले. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत त्याचे कौतुक झाले. व्हिनेगर, बॅटरी आणि दहावी पास ताई ही बातमी सर्वांनाच आवडण्यासारखी होती. मुंबईतील चार फेऱ्या आणि उस्मानाबादेतील एक फेरी यांची तुलना करताना हा फरक मात्र विसरला जातो. डोळ्याने पाहण्याच्या पद्धतीत पाहणाऱ्या डोळ्यावर आणि पाहण्याच्या वारंवारतेवर सारे अवलंबून असते.

आता चौथी चिठ्ठी.

एरिक सुबा हे अमेरिकेतील रोगनिदानतज्ज्ञ. व्हिएतनाममध्ये पॅप तपासणी रुजवण्याच्या कामात ते होते, म्हणजे तटस्थ नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी उस्मानाबाद, दिंडिगल आणि मुंबई या तिन्ही प्रयोगांतील तपासणी न झालेल्या गटांतील मृत्यूंची बेरीज केली : २५४. त्यांचा आक्षेप असा की तपासणीने मृत्यू घटतात हे जगाला अनेक दशकांपासून माहीत असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांच्यापैकी किती मरतात हे मोजणे समर्थनीय नाही. अमेरिकी सरकारच्या संशोधन-सहभागी संरक्षण कार्यालयाकडे तक्रार गेली आणि मुंबईच्या प्रयोगात स्त्रियांना संमती घेताना पर्यायांची पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा निष्कर्ष त्या कार्यालयाने काढला. २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये ही टीका सविस्तर प्रसिद्ध झाली.

संशोधकांची बाजूही ऐकली पाहिजे. भारतात तेव्हा संघटित तपासणी नव्हतीच, तेव्हा चौथ्या गटाला जे मिळाले तेच त्या काळी देशातील बहुतेक स्त्रियांना मिळत होते. तुलनेला गटच नसता तर शासनाला पटेल असा पुरावा कसा उभा राहिला असता?

मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही आणि पूर्ण नाकारताही येत नाही. 'प्रचलित उपचार' हा शब्दप्रयोग शास्त्राचा वाटतो, पण उस्मानाबादेत त्याचा अर्थ 'काहीच नाही' असा होता. ते 'काहीच नाही' हे निसर्गाने दिलेले नव्हते. ते शासनाच्या अग्रक्रमांतून आले होते. दुसरीकडे, पॅप हा सिद्ध उपाय आहे म्हणणाऱ्यांना याच प्रयोगाने दाखवले की एकदाच केलेली पॅप तपासणी येथे फारशी उपयोगी पडली नाही. म्हणजे चौथ्या गटाला पॅप देऊन प्रश्न सुटला असता असेही नाही. आणि हे कळले, तेही चौथा गट होता म्हणूनच. या गाठीचे दोन्ही दोर एकाच वेळी ओढले जातात.

पुढे काय झाले? जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणी म्हणून विषाणू तपासणीला पहिली पसंती दिली. भारताने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी, पद्धत व्हिनेगरची. आमच्या ओझरच्या आसपासच्या उपकेंद्रांना लागू असलेली सूचनाही हीच. कारणे समजण्यासारखी आहेत : खर्च, प्रयोगशाळा, लगेच मिळणारा निकाल. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. त्या शंभरातील उरलेल्या ९८ स्त्रिया अजून चौथ्याच गटात आहेत. फरक इतकाच की त्यांचे मृत्यू कोणी मोजत नाही.

एक विनंती. धाराशिव जिल्ह्यातील कोणी हा थ्रेड वाचत असेल आणि घरात आता साठी-सत्तरीच्या आई, मावशी, आजी असतील, तर त्यांना विचारून पाहा : दोन हजार सालच्या आसपास गावात तपासणीच्या ताई आल्या होत्या का? काय सांगितले होते? कागदावर अंगठा घेतला होता का? भीती वाटली होती का, आणि मग गेल्या का? छापील निबंधात या स्त्रियांचे आकडे आहेत, त्यांचा आवाज कोठेही नाही. नावे-गावे नकोत, आठवण चालेल. उत्तरे आली तर पुढच्या थ्रेडमध्ये त्यांच्यापासूनच सुरुवात करीन.